लेक इंटर्नशिपला निघाली की

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या लेकी आता मोठ्या कंपन्यांत इंटर्नशिपला जातात. इंटर्नशिप म्हणजे पक्की नोकरी नव्हे, ठरावीक दिवस काम करत शिकायचं.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी डिप्लोमा करते. यंदा ती चाकणच्या एका कारखान्यात सहा आठवडे होती. व्हर्नियरने सुट्या भागांची मापं घ्यायची, वहीत नोंदवायची, दिवसभर उभं राहायचं. पहिला आठवडा कुणी काही शिकवलं नाही. मग तीच विचारू लागली, आणि शिकली.

मानधन महिना भरल्यावर मिळणार होतं. खोलीचं भाडं अन् मेसचे पैसे मात्र आधी भरायचे. ते आम्ही गटातून अंतर्गत कर्ज म्हणून दिले. नाहीतर तिची संधी पैशापायी गेली असती.

पाठवण्याआधी कंपनीचं पत्र मागा. काम, मुदत, मानधन, वेळ त्यात लिहिलेलं हवं. इंटर्नशिप लावून देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. आधी कॉलेजात चौकशी करा.

आणि लेकीला हेही सांगा: कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला, तर 2013 चा कायदा शिकाऊ मुलीलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते.

मैत्रिणींनो, ही माहिती गटाच्या पुढच्या बैठकीत जरूर वाचून दाखवा.