विरजण कोणाचे?



संगणक चालू झाला की त्याची स्मृती, पडदा, कळफलक या साऱ्यांचा कारभार ज्या मूळ आज्ञावलीच्या हाती जातो, तिला ‘कर्नल’ म्हणतात. लष्करातल्या कर्नलाशी हिचे नाते नाही. हा कर्नल म्हणजे गाभा. ज्या यंत्रावर हा गाभा चालावयाचा, त्याच यंत्रावर तो घडविता येईल असे नाही. तेव्हा काय करतात, ते आज आम्ही सांगणार आहोत.

माणूस आज्ञावली लिहितो ती ‘सी’सारख्या भाषेत. ‘कंपायलर’ नावाची दुसरी आज्ञावली तिचे रूपांतर यंत्राच्या बोलीत करते. पण यंत्रांच्या बोली अनेक. इंटेल जातीच्या यंत्राची बोली मोबाइलमधील एआरएम जातीच्या यंत्राला कळत नाही. म्हणून एका जातीच्या यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या बोलीत लिहिणारा कंपायलर लागतो. त्याला क्रॉस-कंपायलर म्हणतात. आपण त्यास परयंत्री कंपायलर म्हणू.

नव्या यंत्राची स्थिती नव्या बिऱ्हाडासारखी असते. दूध आहे, भांडे आहे. पण दही लावावयाचे तर विरजण शेजारणीकडूनच आणले पाहिजे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी युनिक्सचा आरंभ केला, तो पीडीपी-७ या लहानशा यंत्रासाठी. आज्ञांचे यंत्रबोलीत रूपांतर मात्र जनरल इलेक्ट्रिकच्या थोरल्या यंत्रावर होई. तेथून निघालेली भोके पाडलेली कागदी पट्टी हाताने नेऊन पीडीपी-७ ला वाचावयास देत. पुढे गाभा, लेखनाचे साधन आणि रूपांतराचे साधन ही धाकट्या यंत्रावरच तयार झाली, तेव्हा पट्ट्यांची ने-आण थांबली. घरचे विरजण झाले!

१९९१ साली हेलसिंकी येथे लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्स या गाभ्याच्या आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. आपल्या अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सच आहे, आणि तो मोबाइलवर घडलेला नाही. दुसऱ्या मोठ्या यंत्रावर घडवून त्यात बसविलेला आहे.

या कामात एक मेख आहे. गाभा घडविताना वाटेत काही लहान हत्यारेही घडवावी लागतात. कोणते भाग घ्यावयाचे हे एक विचारते, कशावर काय अवलंबून आहे हे दुसरे पाहते. ही हत्यारे इथेच चालावयाची, म्हणून ती इथल्या कंपायलरने घडवावी लागतात. गाभा तेवढा परयंत्री कंपायलरने. सुताराची करवत त्याच्या हाताला बसणारी हवी. दार मात्र गिऱ्हाइकाच्या चौकटीला बसणारे हवे. हत्यार चुकून परक्या बोलीत घडले, तर ते चालतच नाही आणि काम तिथेच अडते. हे एका परी बरेच. खरा घात होतो तो इथले माप तिकडे गेल्यास. एका यंत्रावर पत्त्याची लांबी चार बाइट, दुसऱ्यावर आठ. गाभा निमूटपणे तयार होतो आणि तिकडे कोसळतो. म्हणून लिनक्स घडविणाऱ्यांनी युक्ती योजली आहे. मापांची एक छोटी आज्ञावली परयंत्री कंपायलरला द्यावयाची, ती चालवावयाची नाही, आणि त्याने लिहिलेल्या मजकुरातून आकडे तेवढे वाचून घ्यावयाचे.

आता विश्वासाचा प्रश्न. विरजणात दोष असेल तर दूध कितीही निर्मळ असून उपयोग काय? टॉम्प्सन यांनीच ट्यूरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने केलेल्या, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात हे दाखवून दिले. कंपायलरमध्ये अशी लबाडी दडविता येते की, तो प्रवेशद्वाराच्या आज्ञावलीत चोरवाट ठेवील, आणि स्वतःची नवी प्रत घडविताना तीच लबाडी तिच्यातही उतरवील. मूळ लेखन कितीही तपासा, त्यात काही सापडणार नाही.

यावर उपाय डेव्हिड व्हीलर यांनी २००५ साली मांडला. कंपायलरचे मूळ लेखन दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरकडून घडवून घ्यावे. त्या नव्या प्रतीकडून तेच लेखन पुन्हा घडवावे. आणि निघालेले फळ संशयिताच्या फळाशी अक्षरशः ताडून पाहावे. दोन घरची विरजणे हाताशी असली, तरच ही परीक्षा घेता येते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की एखाद्या यंत्राचे मूळ लेखन सर्वांना खुले आहे असे कोणी सांगितले, तर आनंद मानावा. पण ते कोणत्या हत्यारांनी आणि कोठे घडविले, हेही विचारावे.