माणसाला सायकली किती लागतात?



वसंत ऋतूतील या व्यासपीठावर राज्यघटना, खगोलशास्त्र, कर्मयोग असे भारदस्त विषय होत असतात. त्यांच्या पंक्तीला आम्ही सायकल आणून उभी करीत आहो, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. विषय निवडताना आम्ही एवढाच विचार केला की, ज्या गोष्टीत आपण पुरते फसलो आहो तिच्याविषयी माणसाने बोलावे. निदान माहिती तरी खात्रीची असते.

तर मूळ गोष्ट अशी की, काही वर्षांपूर्वी आमच्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात सात सायकली होत्या. दोन बाल्कनीत, एक पलंगाखाली घडी घालून, एक पुस्तकांच्या कपाटाला टेकून आणि तीन जिन्याखाली. एके दिवशी सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता विचारले, “अहो, तुम्हाला पाय किती?” आम्ही म्हणालो, “दोन.” त्या म्हणाल्या, “मग चौदा चाकांचं करता काय?” या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. आजचे व्याख्यान हे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

आमच्या वडिलांची सायकल एकच होती. काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, वजनाला जवळजवळ वीस किलो. तिच्यावर वडील कचेरीत गेले, दळण आणले, आईला डबलसीट दवाखान्यात नेले. दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत आम्ही तिच्यावरच शिकलो आणि गुडघेही तिच्यावरच फोडून घेतले. त्या काळी सायकलीला नगरपालिकेचा कर असे, त्याचा बिल्ला लावावा लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस शिट्टी मारी. दर रविवारी वडील तिला उलटी करून चेनला तेल देत. अशी ती तीस वर्षे चालली. “वडिलांना सायकलींचा शौक होता” असे मात्र कोणी कधी म्हटले नाही. शौकीन आम्ही ठरलो! वडिलांनी सायकल वापरली; आम्ही सायकली जमविल्या.

हा फरक कसा पडला? थोडा दोष काळाचा आहे. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे, पायडल नसलेले, पायांनी रेटायचे यंत्र चालविले. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ आली आणि तीन वर्षांनी डनलॉपने हवेची धाव काढली. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला चेन हा जो घाट तेव्हा ठरला, तो पुढे बराच काळ दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना पुरला. पुढे १९८१ साली अमेरिकेत डोंगरी सायकल मोठ्या संख्येने बाजारात येऊ लागली. नंतर खडीच्या रस्त्याची निराळी, घडीची निराळी, शर्यतीची निराळी अशी वाटणी होत गेली. शर्यतीच्या सायकलीचे वजन तर इतके उतरले की, ६.८ किलोहून हलकी सायकल चालणार नाही असा नियम २००० सालापासून आंतरराष्ट्रीय संघटनेला करावा लागला. सायकलीतले शंभर ग्रॅम कमी व्हावेत म्हणून आम्ही हजारो रुपये मोजले आहेत. त्याच काळात आमच्या पोटावर चढलेले पाच किलो फुकट मिळाले, म्हणून ते आम्ही हिशेबात धरले नाहीत.

परंतु दुकानाने माल मांडला म्हणून घेणारा निर्दोष ठरत नाही. हॉकिन्स स्टर्न नावाच्या अभ्यासकाने १९६२ साली लहरी खरेदीचे चार प्रकार सांगितले. ते वाचताना आमचेच चरित्र वाचीत आहो असे आम्हाला वाटले. पहिला प्रकार निव्वळ लहर : आमची निळी सायकल केवळ तिच्या रंगापायी घरी आली. दुसरा आठवणीचा : वस्तू समोर दिसली की घरातली संपल्याचे आठवते, पंक्चरचे सामान आम्ही असेच आणतो आणि सोबत आणखी चार वस्तू येतात. तिसरा सुचण्याचा : जी वस्तू जन्मात पाहिली नव्हती, ती पाहताच तिची गरज उत्पन्न होते. दुकानदाराने आमच्यादेखत सायकलीची घडी घातली मात्र, आम्ही मनाने ती घेऊन मुंबईच्या गाडीत चढलोसुद्धा! ती सायकल आजवर पलंगाखालून स्टेशनपर्यंत गेलेली नाही. चौथा प्रकार ठरवून केलेल्या लहरीचा : “सवलत असली तर घेऊ” म्हणून दिवाळीत बाहेर पडणे. सवलत नेहमीच असते.

आणि वस्तू एकटी येत नाही. फ्रान्समधील तत्त्वज्ञ दिदरो याला कोणी एक उंची, लाल झगा भेट दिला. तो अंगावर चढताच जुनी खुर्ची केविलवाणी दिसू लागली. तिच्या जागी चामड्याची आली, मग मेज बदलले. शेवटी तो आपल्या जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. वस्तूंच्या या साखळीला ग्रँट मॅक्क्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ साली दिदरोचेच नाव दिले. आमच्या घरी झग्याच्या जागी गिअरची सायकल होती. तिच्यापाठी विशिष्ट बूट आले, बुटांसाठी विशिष्ट पायडल आले, मग चष्मा, मग तंग विजार. ती घालून आम्ही प्रथम दूध आणायला गेलो, तेव्हा गवळ्याने आमच्या प्रकृतीची आस्थेने चौकशी केली.

सायकलवेड्यांत एक सूत्र प्रसिद्ध आहे : सायकलींची योग्य संख्या म्हणजे हाताशी असतील त्याहून एक जास्त. याला दुसरे पोटसूत्र आहे : ज्या संख्येला बायको घर सोडून जाईल, तीहून एक कमी. आम्हीही ही सूत्रे सांगून पुष्कळ हसलो आहो. विनोदाचा एक उपयोग असा की, लाज वाटायची वेळ पुढे ढकलता येते.

येथे कोणी म्हणेल, “संग्रह करणे हा का गुन्हा आहे?” मुळीच नाही. पुण्यात कर्वेनगरात जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. आम्ही तेथे तासन्‌तास रमतो. पण संग्राहक आपली वस्तू पुसतो, दुरुस्त करतो, तिचा इतिहास चार माणसांना सांगतो. आमच्या जिन्याखाली इतिहास नव्हता, धूळ होती. शिवाय न वाचलेले पुस्तक दहा वर्षांनी उघडले तरी वाचता येते. सायकलीचे तसे नाही. उभ्या उभ्या तिची हवा उतरते, बसक्या धावेचे रबर चिरते, चेनला गंज धरतो. सायकल न वापरल्यानेच मरते.

आता जी गोष्ट सांगायची, ती हसण्यासारखी नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एकदा जाता जाता उंबऱ्याशी थांबल्या. म्हणाल्या, “दादा, ती जिन्याखालची निळी सायकल कुणी चालवत नाही ना? पोरीची शाळा लांब पडते. सांगाल ती किंमत महिन्याच्या पगारातून कापून घ्या.” आम्ही म्हणालो, “बघतो. विचार करून सांगतो.”

आम्ही दोन महिने विचार केला! त्या सायकलीवर आम्ही वर्षभरात बसलो नव्हतो. पण मागणी येताच ती एकाएकी मौल्यवान झाली. पावसाळ्यात हीच लागेल, असेही वाटू लागले. पुढे कळले की, या दुखण्यालाही नाव आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले होते. ज्यांना ते मिळाले त्यांनी विकण्यासाठी सांगितलेली किंमत ही न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. वस्तू तीच, ‘माझी’ म्हटल्याबरोबर ती महागली.

मावशींनी पुन्हा विषय काढला नाही. एके सकाळी चौकात त्यांची मुलगी दिसली. कुठूनशी घेतलेली जुनी लाल सायकल, हँडल किंचित वाकडे, सीट उंच म्हणून उभ्याने पायडल मारीत चाललेली. आम्हाला पाहून तिने घंटी वाजविली आणि हसली. आम्ही घरी आलो आणि निळी सायकल जिन्याखालून ओढून काढली. दोन्ही चाके बसलेली आणि पुढच्या चाकाच्या तारांत कोळ्याचे जाळे. दोन महिने आम्ही जिचा विचार करीत होतो, ती ही!

एका सायकलीने होते काय, असे कोणी विचारील. २००६ साली बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी प्रत्येकी दोन हजार रुपये देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा पुढे अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी घटले, असे त्यांना आढळले. ज्यांची शाळा तीन किलोमीटरहून दूर होती त्यांना लाभ अधिक झाला. म्हणजे पहिली सायकल माणसाचे आयुष्य पालटू शकते. आमच्या सातव्या सायकलीने फक्त आमची बाल्कनी पालटली.

आम्हाला या प्रकरणातून जे उमजले ते थोडक्यात सांगतो. आम्ही दुकानात सायकल घेत नव्हतो. ती चालविणारा एक कल्पित गृहस्थ विकत घेत होतो. डोंगरी सायकलीबरोबर पहाटे सिंहगडाचा घाट चढणारे आम्ही, शर्यतीच्या सायकलीबरोबर एका दिवसात दोनशे किलोमीटर मारणारे आम्ही, असे सात गृहस्थ घरी आले. परंतु त्यांच्याबरोबर आठवड्याला आठवा दिवस आला नाही आणि तिसरा पायही फुटला नाही. वेळ, दम आणि उत्साह हे सायकलीबरोबर मिळत नाहीत. तेवढे आपल्याला घरून न्यावे लागतात.

नंतर आम्ही काही नेम केले. दुकानात जायचे ते घरच्या सायकलीवर बसूनच; चालण्याजोगी एकही नसेल तर नवी घेण्याचा अधिकार नाही. आवडलेली वस्तू महिनाभर थांबून घ्यायची. बहुतेक वेळा तिचे नावही आठवत नाही. दर रविवारी घरातल्या प्रत्येक चाकात पंपाने स्वतः हवा भरायची. या तिसऱ्या नेमाने फार मोठे काम केले. चौदा चाकांत हवा भरून झाल्यावर अपरिग्रहाचे महत्त्व पटविण्यासाठी आम्हाला कोणत्याही ग्रंथाची गरज उरली नाही.

निळी सायकल ओव्हरहॉलिंग करून आम्ही मावशींकडे नेली. त्या म्हणाल्या, “दादा, आता तिला हाय. शेजारच्या पोरीला द्या.” ती तिकडे गेली. आणखी तीन सायकली अशाच चालत्या होऊन बाहेर पडल्या. घरी आता तीन आहेत. तीनही लागतातच, असे आम्ही सौभाग्यवतींना सांगतो; त्या त्यावर काही बोलत नाहीत.

आज आम्ही वडिलांच्या काळ्या सायकलीवर आलो आहो. ती फाटकाजवळ उभी आहे. सभा संपल्यावर कोणी ती विकत मागू नये. आम्ही पुन्हा विचार करीत बसू.