लिनक्सचा इन्स्टॉलर : घडण आणि परीक्षा



या व्यासपीठावरून इतिहास, वाङ्मय, समाजकारण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली आहेत. त्या मानाने आमचा विषय अगदीच घरगुती. कोऱ्या संगणकावर लिनक्स चढवावयाचे, आणि ते चढविणारा इन्स्टॉलर आपल्या गरजेप्रमाणे बनवावयाचा, एवढाच तो आहे. परंतु या घरगुती कामात आमच्या हातून एकदा दुसऱ्याचे मोठे नुकसान झाले. ते कसे झाले, हे सांगता यावे म्हणूनच आम्ही येथे उभे राहण्याचे धाडस केले.

थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जे निर्माण केले तो केवळ गाभा, म्हणजे कर्नेल. त्याच्याभोवती हजारो प्रोग्राम रचून जे जोडकाम लोकांच्या हाती दिले जाते त्यास वितरण म्हणतात. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेले डेबियन हे त्यांतील जुन्यांपैकी एक. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेले 'बॉस' त्याच्यावरच बेतलेले आहे. डेबियनचा आजचा इन्स्टॉलर २००५ सालच्या आवृत्तीबरोबर आला. तो मराठीतही बोलतो, मात्र चित्रमय रूपातच. साध्या अक्षरी पडद्यावर आपली जोडाक्षरे नीट उमटत नाहीत, म्हणून तेथे मराठीची निवडच करता येत नाही. आणखी एक गंमत अशी, की सारे संभाषण मराठीत झाले तरी वापरकर्त्याचे खातेनाव मात्र रोमन लिपीतच द्यावे लागते!

हा इन्स्टॉलर प्रश्न फार विचारतो. लग्नाची बोलणी करताना वरपक्षाने विचारावेत तितके. भाषा कोणती, देश कोणता, कळफलक कोणता, संगणकाचे नाव काय, परवलीचा शब्द काय, डिस्कचे भाग कसे पाडू, कोणते प्रोग्राम घालू. एका संगणकासाठी ही उत्तरे देणे सोपे. पण एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाने देणगीत मिळालेले अठरा जुने संगणक आमच्यापुढे ठेवले, तेव्हा आमचा धीर सुटला. यावर डेबियनकर्त्यांनीच तोड काढून ठेवली आहे. सर्व उत्तरे आधीच एका साध्या फाइलीत लिहून ठेवता येतात. तिला 'प्रीसीड' म्हणतात. ही फाइल पेन ड्राइव्हवर नुसती ठेवली, तर ती वाचली जाण्यापूर्वीच भाषेचे आणि देशाचे प्रश्न विचारून झालेले असतात. म्हणून आम्ही ती आरंभीच स्मृतीत भरल्या जाणाऱ्या छोट्या संचातच बसविली. मग देवनागरी कळफलक, मराठी फाँट आणि वाचनालयास लागणारे प्रोग्राम घालून सारे पुन्हा एका प्रतिमेत बांधले. वाचनालयात इंटरनेट बेभरवशाचे असल्यामुळे प्रत्येक पॅकेज आतच असणे आवश्यक होते. एक पॅकेज घ्यावे तर ते आणखी सात पॅकेजे मागते, त्या सातांची आणखी मागणी असते. या वंशावळीत आमचे दोन आठवडे गेले.

परीक्षेसाठी आम्ही क्यूईएमयू वापरले. हा संगणकाच्या पोटात उभा केलेला खोटा संगणक. त्यास खोटी डिस्क द्यावी, प्रतिमा लावावी आणि पाहत बसावे. बिघडले तर डिस्क फेकून दुसरी घ्यावी, खर्च शून्य. आम्ही चाळीसहून अधिक वेळा प्रयोग केले. जुन्या बायोसवर केले, नव्या यूईएफआयवर केले, स्मृती कमी करून केले, मध्येच वीज गेल्याचे सोंग करूनही केले. शेवटचे प्रयोग निर्वेध पार पडले. पेन ड्राइव्ह लावला, चहा घेतला, परत आलो तो लिनक्स तयार. एकही प्रश्न नाही! या गोष्टीचा आम्हांला फार अभिमान वाटला.

वाचनालयातील पहिले अकरा संगणक त्याच अभिमानात झाले. बारावा ग्रंथपालबाईंच्या मेजावरचा होता. त्यात दोन डिस्का होत्या. एक जुनी, दुसरी नंतर बसविलेली, आणि तीवर दाखल नोंदवहीचे त्यांनी सहा वर्षे टंकलेले काम. आमच्या फाइलीत लिहिले होते 'पहिली डिस्क'. आता, पहिली कोणती हे कर्नेलला ज्या क्रमाने डिस्का सापडतील त्यावर ठरते, आणि तो क्रम कायम राहील अशी हमी कोणीही दिलेली नाही. त्या दिवशी नोंदवहीची डिस्क पहिली निघाली. आम्ही चहा घेत होतो.

बाई रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, त्याने मला एकदा विचारायचं तरी!"

श्रोतेहो, तो विचारतो. मूळ इन्स्टॉलर डिस्कवर लिहिण्यापूर्वी थांबतो, काय पुसले जाणार ते दाखवितो, आणि त्या प्रश्नाचे ठरीव उत्तर त्याच्या कर्त्यांनी 'नाही' असे ठेवलेले आहे. नुसते बटण दाबणाऱ्या माणसाचे नुकसान होऊ नये हा त्यामागील विचार. आम्ही एका ओळीत त्याचे 'होय' केले होते. कळफलकाचा प्रश्न आणि हा प्रश्न यांना आम्ही एकाच मापाने मोजले. कळफलक चुकला तर दोन मिनिटांत बदलता येतो. पुसलेली नोंदवही तशी परत येत नाही. आणि आमचे चाळीस प्रयोग? त्या प्रत्येक खोट्या संगणकात एकच डिस्क होती, आणि तीही कोरी. जेथे चूक होऊच शकत नव्हती तेथे आम्ही चूक शोधत होतो.

नोंदवहीची एक छापील प्रत सुदैवाने कपाटात होती, दोन वर्षांमागची. तेवढी आम्ही तिघांनी बसून पुन्हा टंकली. पुढच्या नोंदी बाईंनी एकेक पुस्तक हातात घेऊन लिहिल्या.

आता आमच्या परीक्षेत खोट्या संगणकाला दोन डिस्का असतात, कधी तीन. त्यांचा क्रम आलटून-पालटून लावतो, आणि एकीवर मुद्दाम जुन्या फाइली भरून ठेवतो. काम संपल्यावर लिनक्स चालू झाले की नाही हे तर पाहतोच, पण त्या जुन्या फाइली जशाच्या तशा आहेत का हे आधी पाहतो. पेन ड्राइव्ह स्वतःच कधी कधी 'पहिली डिस्क' ठरतो. तोही वगळावा लागतो. डिस्कचे भाग पाडण्यापूर्वी एक छोटी आज्ञावली डिस्का मोजते. एकीहून अधिक निघाल्या, किंवा असलेली एकच डिस्क कोरी नसली, की तिची बनावट, तिचा आकार आणि तिच्यावर आधीचे काय आहे हे पडद्यावर मराठीत येते, आणि त्या डिस्कच्या क्रमांकाची शेवटची चार अक्षरे स्वतः टंकल्याखेरीज काम पुढे सरकत नाही.

उरलेले सहा संगणक आम्ही या नव्या प्रतिमेने केले. आमच्यातील एका तरुण मित्राची तक्रार आहे, की देणगीतल्या जुन्या डिस्का कोऱ्या थोड्याच असतात. त्यामुळे प्रत्येक वेळी वाकून ती चार अक्षरे वाचावी लागतात आणि चहाला जाता येत नाही. तक्रार खरी आहे. आम्ही ती टिपून घेतली आहे आणि प्रतिमा तशीच ठेवली आहे.