तपकिरीची डबी



आपले गणिताचे सर अंगठा ताणून त्याच्या मुळाशी पडणाऱ्या खळग्यात तपकीर ठेवायचे, आठवतं? वैद्यकाच्या पुस्तकात त्या खळग्याचं नाव खरोखरच ‘तपकिरीची डबी’ असं आहे. पहिल्या वर्षाला ते वाचून अख्ख्या वर्गात मी एकटाच हसलो होतो.

त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूच्या आकाराचं हाड असतं. माणूस हातावर पडला की मनगटातल्या 8 छोट्या हाडांपैकी हेच जास्त वेळा मोडतं. आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत कधीकधी ते दिसतच नाही.

सरकारी नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा ओपीडीत आला. रांग व्हरांड्यापर्यंत गेलेली. मी एक्स-रे पाहिला, ‘नॉर्मल आहे, मुरगळलंय’ म्हटलं आणि गोळ्या लिहून दिल्या. खळगा दाबून पाहिला नाही. 10 महिन्यांनी तो परत आला, तेव्हा हाडाचे दोन तुकडे जुळलेच नव्हते. या हाडाला रक्त बोटांच्या बाजूने मिळतं. मध्येच मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो. कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन, स्क्रू घालून आम्ही ते सांधलं. भरती मात्र हुकली. चूक माझी होती, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ द्या डॉक्टर, गर्दीच किती होती त्या दिवशी.” ते अजून बोचतं.

आता खळगा दाबतो, तळव्याच्या बाजूचा अंगठ्याखालचा उंचवटा दाबतो, अंगठा त्याच्याच रेषेत मागे ढकलून पाहतो. अर्धं मिनिट लागतं. दुखलं तर एक्स-रेच्या चिठ्ठीवर नुसतं ‘मनगट’ न लिहिता ‘स्कॅफॉइड’ लिहितो, म्हणजे तंत्रज्ञ वेगळ्या कोनांतूनही फोटो काढतो. तेही स्वच्छ आले तरी स्प्लिंट बांधून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासणी. एमआरआय लवकर झाला तर निकाल आधीच लागतो आणि उगाच बांधलेला हात मोकळा होतो. पण त्यासाठी आमच्याकडून जिल्ह्याला जावं लागतं.

खरी अडचण त्या दोन आठवड्यांची. रोजंदारीवरचा माणूस दुखणं कमी झालं की फिरकत नाही. केसपेपर तर घरी हरवतोच. म्हणून आम्ही पुढची तारीख मार्करने थेट पट्टीवर लिहितो, आदल्या दिवशी सिस्टर फोन करतात, आणि तो आला की पुन्हा रांग नाही, सरळ आत.

बाकी, सकाळच्या क्रिकेटमध्ये जे दोघे हातावर आपटलेत, त्यांनी जेवणाआधी मला भेटा. अंगठा ताणून या.