दंड गेला, कायदा राहिला



मूल शाळेत गेले की आपले कर्तव्य संपले, असे पुष्कळ पालक मानतात. पण शिक्षकाने सत्य शिकवावे की शिकवू नये, हेच कायद्याने ठरविले तर? अमेरिकेतील एका विज्ञानशिक्षकावर हा प्रसंग आला होता. तो आज आपणांपुढे ठेवतो.

जॉन स्कोप्स यांनी 1924 साली केंटकी विद्यापीठाची पदवी घेतली. मुख्य विषय कायदा, दुय्यम विषय भूगर्भशास्त्र. वकिली न करता ते टेनेसी राज्यातील डेटन या लहान गावी पदार्थविज्ञान व गणित शिकवू लागले. मार्च 1925 मध्ये त्या राज्याने बटलर कायदा केला. मनुष्य खालच्या दर्जाच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला, असे सरकारी शाळेत शिकविणे हा त्यामुळे गुन्हा ठरला; कारण बायबलातील उत्पत्तिकथेशी ते जुळत नव्हते. नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या एका संघटनेने हा कायदा न्यायालयात कसोटीस लावण्याचे ठरविले. जीवशास्त्र हा स्कोप्स यांचा नेहमीचा विषय नव्हता. तो वर्ग त्यांनी बदली शिक्षक म्हणून घेतला होता. तरीही ते आरोपी होण्यास तयार झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे 24 होते.

जुलै 1925 मध्ये खटला चालला. क्लॅरेन्स डॅरो यांनी बचाव केला. बचावासाठी शास्त्रज्ञ आले होते. पण न्यायाधीशांनी त्यांना ज्यूरीपुढे साक्ष देऊ दिली नाही. शिकविलेले खरे की खोटे, हा प्रश्नच नव्हता. शिकविले की नाही, एवढाच प्रश्न होता. स्कोप्स दोषी ठरले व त्यांना 100 डॉलर दंड झाला.

आता कायद्याची गती पाहा. 1927 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. कारण काय? 50 डॉलरहून अधिक दंड ज्यूरीने ठरवावयाचा असतो. येथे तो न्यायाधीशांनी ठरविला होता. कायदा मात्र न्यायालयाने वैध मानला. शिक्षाच उरली नाही, म्हणून अपील करून वर जाण्याची वाटही खुंटली. बटलर कायदा पुढे 1967 पर्यंत टिकला. 1968 मध्ये सूझन एपरसन या शिक्षिकेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सा राज्याचा तसलाच कायदा घटनाबाह्य ठरविला. स्कोप्स तोवर शाळा सोडून केव्हाच भूगर्भशास्त्राकडे वळले होते.

यातून वकील या नात्याने मी एकच गोष्ट सांगेन. एका माणसाची शिक्षा टळणे निराळे आणि सर्वांचा हक्क प्रस्थापित होणे निराळे. पहिल्यावर समाधान मानून जो घरी बसतो, त्याच्या मुलाला तीच लढाई पुन्हा लढावी लागते.

आपल्याकडे हा हक्क आधीच लिहून ठेवला आहे. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याचे अनुदान घेणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण घेण्याची वा उपासनेस हजर राहण्याची सक्ती, पालकाच्या संमतीवाचून, अज्ञान मुलावर करता येत नाही. संविधानाचे अनुच्छेद 28 तसे सांगते. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे तर 1976 च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे कर्तव्यच ठरविले आहे.

तेव्हा संमती ही आपल्या हातची गोष्ट आहे. न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका. शंका आली तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा, अर्जाची पोच घ्या, ती जपून ठेवा. आणि जो शिक्षक आपल्या मुलांना प्रश्न विचारावयास शिकवितो, त्याच्यावर प्रसंग आला तर त्याला एकटे सोडू नका.