बेट गेले, नाव राहिले



दात्याच्या नावाची शिला बसविली, तिला हार घातला, की आपण ऋणमुक्त झालो, अशी आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे अमेरिकेतील एका उद्यानाच्या इतिहासावरून आपल्या ध्यानी येईल.

मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल या शहरी, मिसिसिपी नदीच्या काठी, ‘हॅरिएट आयलंड’ नावाचे उद्यान आहे. १८४७ साली त्या गावी येऊन शाळा चालविणाऱ्या हॅरिएट बिशप या शिक्षिकेचे नाव त्यास मिळाले. आयलंड म्हणजे बेट. परंतु आज तेथे जाणाऱ्यास बेट दिसत नाही. काठाकडील प्रवाह १९५० च्या सुमारास बुजविण्यात आला. त्या भूमीचे पूर्वायुष्य आता स्मृतिफलकानेच सांगावयाचे.

जस्टस ओहागे हे जर्मनीत जन्मलेले शल्यविशारद. पित्ताशय काढण्याची अमेरिकेतील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनी १८८६ साली केली. पुढे शहराचे आरोग्याधिकारी असता, १९०० साली त्यांनी हे बेट स्वतःच्या द्रव्याने विकत घेऊन नगरास अर्पण केले. तेथे सर्वांसाठी स्नानाची व खेळण्याची सोय झाली. स्वच्छता हे केवळ श्रीमंतांचे भाग्य असू नये, हा त्यामागील हेतू.

परंतु ज्या नदीत लोकांनी स्नान करावयाचे, तिच्यातच काठची शहरे आपले सांडपाणी सोडीत होती. अखेर १९१९ साली पाणी दूषित झाल्याने ती स्नानगृहे बंद करावी लागली. सांडपाणी शुद्ध करणारा कारखाना सुरू झाला तो १९३८ साली! दात्याने दिले ते निर्मळ होते. घेणाऱ्यांनी ते तसे राखले नाही.

बंधुभगिनींनो, आपल्याही पूर्वजांनी विहिरी खोदल्या, धर्मशाळा बांधल्या, विद्यार्थ्यांसाठी निधी ठेविले. त्यांच्या नावांचे फलक आपण दरवर्षी पुसतो, हे योग्यच आहे. मात्र फलक पुसताना विहिरीतही डोकावून पाहावे. निधीतून यंदा किती मुलामुलींचे शिक्षण झाले, हेही विचारावे. दाता एकदा देतो. राखणाऱ्याला रोज द्यावे लागते. फलकावर त्याचे नाव नसेल, परंतु दान जिवंत राहते ते त्याच्यामुळेच.