नसबंदी झाली, पुढचे तीन महिने

(देहूरोड येथे विवाहित जोडप्यांसमोर केलेले भाषण)



आज तुम्ही जोडीने आलात याचा आनंद वाटतो. किवळे, मामुर्डी, शेलारवाडी, चिंचोलीकडून कोणी लोकलने आले, कोणी मोटारसायकलवर डबलसीट. एरवी अशा सभेला बाया आत बसतात आणि पुरुष पानटपरीवर उभे राहतात. आज पुरुष आत आहेत, कारण विषय त्यांचाच आहे. पण ऐकायचे दोघांनी. का, ते पुढे सांगतो.

नसबंदी करा असे सांगायला मी उभा नाही. ते तुम्ही दोघांनी आपल्या घरी ठरवायचे, आणि ठरवताना ती कायमची आहे असे धरूनच ठरवायचे. ज्यांचे ठरले आहे किंवा ज्यांची होऊन गेली आहे, त्यांनी घरी आल्यावर काय करायचे, कामाला कधी लागायचे आणि नवरा-बायकोने एकत्र कधी यायचे, एवढेच आज बोलू. दवाखान्यात हे सांगतात, नाही असे नाही. पण त्या वेळी माणूस घाबरलेला असतो. एका कानाने ऐकतो, दुसऱ्याने सोडून देतो.

आधी काय केले जाते ते समजून घ्या. शुक्रजंतू वृषणात तयार होतात आणि दोन बारीक नळ्यांतून वर येऊन वीर्यात मिसळतात. या दोन नळ्या बांधून तोडतात. बस्स. हल्ली बहुतेक ठिकाणी ही शस्त्रक्रिया विना चाकू, विना टाका होते. ही पद्धत १९७४ साली चीनमध्ये निघाली. बधिर करून एक बारीकसे भोक पाडतात, दहा-वीस मिनिटांत काम होते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. वृषणाला हातही लावत नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अजूनही गावात बैलाची गोष्ट निघते. बैलाचे वृषणच निकामी करतात, म्हणून त्याचा जोर जातो. इथे तसे काही नाही. मिशा, आवाज, अंगातली ताकद आणि इच्छा ज्या रसावर चालते, तो रस वृषणातून थेट रक्तात जातो. या नळ्यांतून तो जातच नाही. मग नळी तोडल्याने तो अडेल कसा? वीर्यही पूर्वीसारखेच येते. शुक्रजंतूंचा वाटा त्यात इतका थोडा असतो की फरक डोळ्यांना दिसत नाही. तयार झालेले शुक्रजंतू शरीरातच जिरून जातात, साठून राहत नाहीत.

आता घरी आल्यानंतरचे. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. घट्ट लंगोट किंवा आतली चड्डी घाला, म्हणजे खालचा भाग लोंबकळत नाही आणि ठणका कमी लागतो. थोडी सूज, निळसर-काळसर डाग, ओढल्यासारखे दुखणे हे चालायचेच. फडक्यात बर्फ गुंडाळून शेकले तरी आराम पडतो. अंघोळ दुसऱ्या दिवसापासून करा, पण जखम भिजू देऊ नका. हळद, चुना, झाडपाला काही लावू नका. खाण्याचे पथ्य नाही. दारूचे मात्र आहे, हे इथे सांगावे लागते.

दोन दिवसांनी हलके काम करायला हरकत नाही. सायकल, मोटारसायकल, पोती उचलणे, नांगर, कुस्ती, कंपनीत माल चढवणे-उतरवणे हे सगळे आठवडाभर बंद. याबाबतीत मी स्वतःच चुकलो, म्हणून सांगतो. दोन मुलांनंतर माझी शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी काही दुखेना, तेव्हा मला शहाणपण सुचले. गाडी काढली आणि खड्ड्यांतून निगडीपर्यंत जाऊन आलो. रात्री अशी सूज आली की पुढचे पाच दिवस पाय फाकून चालत होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, लोकांना शिकवता ते आधी आपण तरी ऐकावे! चाकणला पाळीवर जाणाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या आधीच रजेची सोय करून ठेवा. नंतर मुकादमाला कारण सांगायची लाज वाटते आणि माणूस तसाच कामावर जातो.

ताप आला, पू झाला, रक्त थांबेना किंवा सूज वाढतच चालली, तर मात्र आशाताईची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. शंभरातल्या एखाद-दुसऱ्या पुरुषाला पुढे बरेच महिने दुखत राहते, हेही लपवत नाही. त्यावर उपचार आहेत. गप्प बसून सोसायचे कारण नाही.

आता ज्या प्रश्नासाठी सभा संपल्यावर मला बाजूला बोलावतात, तो इथेच घेऊ. एकत्र कधी यायचे? पहिले दोन-तीन दिवस नको. त्यानंतर दुखणे नसेल आणि मनाला बरे वाटत असेल, तेव्हा. आठवडाभर थांबलात तर उत्तम, जखम नीट धरते. पहिल्या एक-दोन वेळा वीर्यात किंचित तांबूस रंग दिसला तर घाबरू नका. कुणाला पहिल्या वेळी जमत नाही. ते भीतीमुळे होते, शस्त्रक्रियेमुळे नव्हे. वहिनींनो, अशा वेळी हसू नका आणि टोमणाही मारू नका. दोन दिवस जाऊ द्या, गाडी आपोआप रुळावर येते.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. नळी तोडली त्या दिवसापासून नसबंदी लागू होत नाही! तोडलेल्या जागेच्या पुढे, वरच्या नळीत, आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. विहिरीवरचा पंप बंद केला तरी पाइपातले पाणी थोडा वेळ येतच राहते, तसेच हे. ते संपायला साधारण तीन महिने लागतात. पूर्वी वीस वेळा संबंध आला म्हणजे झाले, असा हिशेब सांगत. आता तो पुरेसा धरत नाहीत. तीन महिने आणि त्यानंतर वीर्याची तपासणी, हाच नियम. तोवर दर वेळी निरोध वापरा, किंवा बायकोची तांबी, गोळ्या असे जे साधन आधीपासून चालू असेल ते चालूच ठेवा.

हे पाळले नाही तर काय होते, ते मी पाहिले आहे. गावाचे नाव सांगत नाही. तीन लेकरांचा बाप, भला माणूस. नसबंदी झाली, पंधरा दिवसांनी कामावर गेला, सगळे सुरळीत. दोन महिन्यांनी बायकोला दिवस गेले. नवरा काही बोलला नाही, पण जेवणाचे ताट सरकवू लागला. सासूने बोलून दाखवले, आणि सुनेला दोन कपड्यांनिशी माहेरी धाडले. ती बाई रडून रडून सांगत होती, पण ऐकणार कोण? घरातल्या पुरुषाची नस तोडलेली, मग हे आले कुठून? मी गेलो तेव्हा तीन महिन्यांनी तपासणीला या असे लिहिलेला कागद पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली घडी करून ठेवलेला होता. कुणी वाचलाच नव्हता. खूप समजावल्यावर नवरा तपासणीला आला. वीर्यात शुक्रजंतू निघाले. डॉक्टरांनी त्याला बसवून सगळे समजावले. तो उठला आणि कुणाशी न बोलता सरळ सासुरवाडीच्या एसटीत बसला. बायकोला घेऊन आला खरा. पण त्या दोन महिन्यांत गाव जे बोलले, ते तिला विसरता आले का, हे मी तिला कधी विचारले नाही.

म्हणून म्हणालो, दोघांनी ऐका. बायकोला तीन महिन्यांचा हिशेब ठाऊक असेल तर ती निरोधाचा आग्रह धरील. घरातल्या वडीलधाऱ्या बाईलाही सांगून ठेवा. आणि तपासणी होऊन गेल्यावरसुद्धा, हजारो शस्त्रक्रियांत एखादी नळी पुढे आपोआप जुळते. पाळी चुकली तर आधी दोघेही दवाखान्यात जा आणि पुरुषाचे वीर्य पुन्हा तपासा. संशय घरात येण्याआधी कागद हातात येऊ द्या.

तपासणीत लाजण्यासारखे काही नाही. स्वच्छ, कोरडी बाटली दवाखान्यातून मिळते. नमुना आपल्या हाताने त्या बाटलीतच घ्यायचा. निरोधात घेऊन आणू नका, त्याच्या औषधाने शुक्रजंतू मरतात आणि तपासणी चुकते. घरी घेतला असेल तर बाटली सदऱ्याच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा आणि तासाभरात पोचवा. शुक्रजंतू दिसले नाहीत तरच नसबंदीचे प्रमाणपत्र मिळते. दिसले, तर साधन चालू ठेवून काही दिवसांनी पुन्हा तपासायचे.

आणखी एक. नसबंदीने मूल थांबते, गुप्तरोग किंवा एचआयव्ही थांबत नाही. बाहेरगावी कामाला असणाऱ्यांनी याचा अर्थ समजून घ्यावा.

मागे बसलेले आजोबा हसत आहेत. त्यांना १९७६ साल आठवत असणार. आणीबाणीच्या त्या वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, आणि किती तरी जणांच्या मनाविरुद्ध झाल्या. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा लोकांना माणूस म्हणून कुणी विचारले नाही आणि नंतरची काळजीही अनेकांची घेतली नाही. ती भीती आजही घराघरांत आहे, आणि तिचा भार बायकांवर पडला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ अडतीस जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. नवऱ्याने केली अशी जोडपी हजारात तीन. वास्तविक पोट न उघडता होणारी पुरुषाची शस्त्रक्रिया दोहोंत सोपी. पण भीती घालवायला भाषण पुरत नाही, शेजारच्या माणसाचे बरे झालेले पाहावे लागते.

आता चहा आहे. त्यानंतर तासभर मी पलीकडच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना चारचौघांत विचारता येत नाही, त्यांनी एकेकटे या, जोडीने आलात तर अधिक बरे. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे त्यांनी दवाखान्याचा कागद सोबत असेल तर दाखवा. तीन महिन्यांनंतरची तारीख कोणती येते ती आपण बसून काढू, आणि ताईंनो, ती तुम्ही घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.